छपराला छपराचा हात

डोमाजी कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. घरची माणसं या-बसा म्हणत पाण्याचा गडवा पुढे करायची आणि हे दारातच मान वर करून उभे. मग आपल्या उंचीची बांबूची काठी उलटी धरायचे, तिच्या लोखंडी टोपणाने छताला दोन-तीन ठिकाणी ठोकायचे, कान देऊन ऐकायचे, आणि त्यानंतरच बसायचे. आवाज पसंत पडला तर खोलीच्या मधोमध. नाही पडला तर उंबऱ्यावर, अर्धे आत आणि अर्धे बाहेर. अगदीच बिघडलेला वाटला तर अंगणात उभ्यानेच पाणी पिऊन परत. यजमानाला काय वाटेल हा विचार त्यांच्या डोक्यात कधी आल्याचं मला दिसलं नाही.

आमची ओळखही अशीच झाली. सिहोऱ्याजवळच्या त्या गावात मी उपकेंद्राची नर्स म्हणून नवी आले होते. डोमाजी ब्लडप्रेशर तपासायला आले ते थेट माझ्या टेबलाशी, आणि नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी माझ्या डोक्यावरच्या छताला काठीने ठोकलं. चुन्याचा एक पोपडा सुटून माझ्या चहात पडला.

"टेबल तिकडे सरकवा, बाई," ते म्हणाले. "येथी पोकळ बोलते."

मला राग आला. सरकारी इमारतीचं काय ते सरकार बघेल, तुम्ही हात पुढे करा, असं मी सांगितलं. ते हात पुढे करीनात. शेवटी रांगेतल्या बायका कुरकुरायला लागल्या तेव्हा मीच टेबल खिडकीकडे ओढलं आणि पट्टा बांधला. पुढची सात-आठ वर्षं ते टेबल खिडकीशीच राहिलं. छतातून त्या जागी आजवर काही पडलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

डोमाजींची सगळी नोकरी मँगनीजच्या खाणीत गेली होती, चिखल्याकडे. जमिनीखाली छताला टेकू देणारं जे पथक असतं त्यात ते होते. आत शिरायचं, सळईने छत ठोकायचं, खणखणीत आवाज आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर लाकडाचे खांब उभे करायचे, मगच बाकीच्यांनी यायचं. हे काम त्यांनी जन्मभर केलं. कधी काही पडलं का हो अंगावर, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "नाही पडलं. मी ठोकत होतो ना." एवढंच. खाणीबद्दल ते याहून जास्त बोलत नसत.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर राहायला घर कोणतं निवडावं, तर तणशीच्या, धानाच्या वाळक्या काड्यांच्या, छपराचं. गावात एकेकाळी सगळीच घरं तशी होती. पाटलाच्या घरावर तेवढी कवेलू, म्हणजे कौलं. मग ज्याला जमलं त्याने कवेलू घातली, पुढे कवेलू फुटायला लागल्यावर पत्र्याच्या टिना आल्या, आणि अलीकडे घरकुलं झाल्यापासून गल्लीच्या गल्ली सिमेंटच्या सिलेपची. त्या सगळ्या सपाट डोक्यांमध्ये डोमाजींचं घर एकटंच उतरत्या छपराचं उरलं होतं. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. भावाने बरीच वर्षं सांभाळलं, तो वारल्यावर हे खाणीच्या कॉलनीतला क्वार्टर सोडून तिथे आले.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे छपरी आणि मागे परसाची सांदवाडी. भिंती मातीच्या, आणि ती माती घराच्या शेजारूनच खणलेली. एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. अशी वडिलांनी एका उन्हाळ्यात भिंत वर नेली होती. खणलेल्या जागी जो खड्डा झाला तो पावसाळ्यात भरे आणि त्यात बदकं पोहत. डोमाजी तो खड्डा पाहुण्यांना आवर्जून दाखवत आणि सांगत की घर यातून निघालं. मधोमध मोहाच्या जाड खांबाची मेढ, तिच्यावर आढं, आढ्यावरून दोन्हीकडे उतरणारे बांबू. खिळा एकही नाही. सगळ्या गाठी माहुलच्या वेलीच्या सालीच्या. छप्पर पुढच्या बाजूला इतकं खाली आणलेलं की उंच माणसाला वाकूनच शिरावं लागे. मातीच्या भिंतीला पाऊस लागू नये म्हणून ते तसं ठेवतात, पण गावातली पोरं म्हणत की आमदारही आला तरी डोमाजींच्या घरी मान वाकवूनच येईल. आमदार कधी आले नाहीत.

स्वतःच्या घरात मात्र डोमाजी कधी काठी ठोकत नसत. काठी दाराशी टेकवून ठेवत आणि आत येऊन बेधडक पाय पसरत. का हो, हे छत तपासत नाही का, असं मी विचारल्यावर त्यांनी वर बोट केलं. "हे पडलं तं काय होईल, बाई? केसात काडी अडकल."

सायत्राबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ही गंमत वाटत नसे. त्यांचं तरुणपण कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेलं होतं. वर सिलेप, घरात नळ, फरशी पुसली की झालं. तिथून उतारवयात त्या मातीच्या घरात आल्या. रोज सारवण, पोपडे धरलेल्या भिंतींना पोचारा, वरून पडणाऱ्या काड्या आणि तणशीत पळणारे उंदीर. उंदरामागून एकदा साप आला तो थेट दुधाच्या शिंक्याशेजारी लोंबत होता. माझ्याकडे गोळ्या न्यायला आल्या की सायत्राबाई बाकावर बसून घराचा उद्धार करत. "सारा गाव सिलेपखाली झोपते. मी एकटीच गोठ्यात," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. घरकुलाच्या यादीत नाव येऊन गेलं होतं आणि डोमाजींनी ते दुसऱ्याला देऊन टाका म्हणून सांगितलं होतं, हे त्या कुणालाही विसरू देत नसत. त्यांना सिलेपचं घर हवं होतं. सरळ, उघड, कुठलाही आडपडदा न ठेवता हवं होतं, आणि मला ते अगदी रास्त वाटे.

धुराचा तंटा तर माझ्यापर्यंत आला. सायत्राबाईंकडे गॅस होता. पण तणशीला चुलीचा धूर लागला नाही तर तिच्यात कीड होते आणि छप्पर आतून पोखरतं, म्हणून डोमाजी संध्याकाळी चूल पेटवून घरभर धूर करायचे. सायत्राबाईंना खोकला. मी डोमाजींना बोलावून धूर बंद करायला सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि वर्षभरात छपराचा भुगा त्यांच्या ताटात पडू लागला. मग नवराबायकोत तह झाला. दिवेलागणीला सायत्राबाई शेजारी टीव्ही बघायला जायच्या आणि डोमाजी तेवढ्या वेळात कडुलिंबाचा पाला जाळून घर धुपवायचे. मालिका संपेपर्यंत धूर निघून गेलेला असे.

पण डोमाजींचं खरं वेड बघायचं तर शेतात जावं लागे. त्यांच्या चार बांध्यांपैकी, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांपैकी, तीनमध्ये इतरांसारखंच बुटकं, लवकर येणारं धान. चौथीत चिन्नोर. चिन्नोरचा तांदूळ वासाचा, लग्नाकार्यात मानाचा. पण ते धान उंच वाढतं, वाऱ्याने लोळतं, उशिरा येतं, म्हणून लोकांनी केव्हाच सोडलेलं. डोमाजी ते तांदळासाठी लावत नसत. तणशीसाठी लावत. बुटक्या धानाची तणस छपराला पुरत नाही, आणि यंत्राने कापलेली तर तुकडे होऊन पडते. त्यामुळे ही एक बांधी विळ्याने कापायची, बैलांच्या पायाखाली न घालता पेंढी-पेंढी फळीवर आपटून झोडायची, आणि लांब सरळ तणस वेगळी रचून ठेवायची. लोक घरी तांदूळ मागायला येत. डोमाजी पायलीभर मागणाऱ्याला दोन पायल्या देत आणि वर ताकीद देत, "तांदूळ न्या लागन तेवढा. तणशीले हात नका लावू."

त्यांचा मुलगा राजू नागपूरकडे एका कारखान्यात होता. एका दिवाळीनंतर तो सुट्टी काढून धान काढायला आला. म्हाताऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणून त्याने परस्पर हार्वेस्टर बोलावला आणि डोमाजी सिहोऱ्याला गेलेले असताना तासाभरात चारही बांध्या साफ केल्या. चिन्नोरसकट. पोती भरून बैलगाडीत घातली आणि वडिलांची वाट बघत मोठ्या खुशीत शेताच्या कडेला धुऱ्यावर बसला. मी त्या वाटेने पोलिओच्या डोसांचा डबा घेऊन चालले होते, म्हणून हे बघायला मिळालं. डोमाजी आले. बांधीत वीत-वीतभर खुंट आणि त्यावर तणशीचे भुस्कट तुकडे पसरलेले. ते मुलाशेजारी खाली बसले. पीक बुडाल्यावर माणूस बसतो तसे बसले. राजू घाबरला.

"बाबा, धान तं पुरं आलं ना घरी," तो म्हणाला. "एक दाना नाही सांडला."

डोमाजींनी एक तुकडा उचलून बोटात फिरवला. "धान खाशील, बाबू. झोपशील कुठी?"

राजूला हे कळलं नाही. वर्षभर राबून माणूस पोत्यांपेक्षा तणशीसाठी रडेल हे त्याला कसं कळावं? त्या वर्षी डोमाजींनी जंगलातलं गवत आणून छपराला ठिगळं लावली. त्यांचा राजूवरचा राग पोळ्यापर्यंत टिकला.

आता त्या रिवाजाकडे येते, कारण डोमाजी म्हणजे माझ्या लेखी तो रिवाजच. सगळी घरं छपराची होती तेव्हा छप्पर घालणं एका घराचं काम नसे. उन्हाळ्यात, मिरुगाचा पाऊस लागायच्या आत, एका दिवशी एक घर. प्रत्येक घरातून एक माणूस. खालचे पेंढ्या भिरकावायचे, वरचे झेलायचे, कडेपासून रचत आढ्यापर्यंत जायचे. मजुरी नसे, फक्त दुपारचं जेवण. ज्याने माझ्या छपराला हात लावला त्याच्या छपराला मी हात लावायचा, आणि त्याच उन्हाळ्यात. छपराचा हात दुसऱ्या कशाने फिटत नाही. तुम्ही त्याला बैल दिलात, धान दिलंत, त्याच्या पोरीच्या लग्नात राबलात, तरी तो हात बाकीच. आणि परत आलेला हात नाकारायचाही नाही. नाकारला तर संबंध तोडल्यासारखं. डोमाजी खाणीत असतानाही दर उन्हाळ्यात रजा टाकून गावी येत ते यासाठीच.

मग गावावर सिलेप चढला. डोमाजींच्या छपराला माणसं अजूनही यायची. चिन्नोरचा भात, वरण आणि कैरीची चटणी यांचा त्यात मोठा वाटा होता. पण परत कसं करायचं? सिलेपला घालायचं काय? डोमाजींनी यावर जो तोडगा काढला तो गावाला कितीतरी वर्षं हसवायला पुरला. स्वतःचं छप्पर झालं की दुसऱ्या दिवसापासून ते खराटा घेऊन निघायचे आणि आदल्या दिवशी जो-जो आला होता त्याच्या सिलेपवर चढायचे. पालापाचोळा झाडायचा, पाणी जायचं भोक मोकळं करायचं, कुठे चीर असली तर सिमेंट फासायचं. घरधनी नको नको म्हणे. हे ऐकत नसत. सिलेपवर बायकांचे पापड, कुरड्या वाळत असायच्या. डोमाजी आधी ते सगळं नीट एका बाजूला सरकवायचे, झाडून झालं की पुन्हा होतं तसं मांडायचे. एका सुनेने माझ्याकडे तक्रार केली होती की बुवा पापड मोजून ठेवतात, एखादा चोरून खाताही येत नाही.

सरपंच मात्र हुशार. आपली दुमजली इमारत झाडून हवी म्हणून तो छपराच्या दिवशी एक पेंढी भिरकावून फोटो काढून जात असे. डोमाजी त्याच्याही दोन्ही मजल्यांवर चढत. एका पेंढीला दोन सिलेप हा कुठला हिशेब, असं मी चिडून म्हटलं तर म्हणाले की हात तो हात.

सगळ्यांत जवळचा माणूस म्हणजे शेजारचा किसन. छप्पर घालताना आढ्यावर बसायचा मान त्याचा. पण किसनच्याच घराचा सिलेप डोमाजींना सर्वांत नापसंत होता. बांधून झाला त्या दिवशी त्यांनी ठोकून निकाल दिला होता की मधोमध पोकळ बोलतो, सळया कमी पडल्या. किसनने इंजिनिअरला आणून दाखवलं, त्याने काही दोष नाही म्हणून सांगितलं. डोमाजींचा निकाल बदलला नाही. रोज सकाळी ते किसनकडे चहाला जात आणि रोज उंबऱ्यावर बसत. वर झाडायला चढले तर कडेकडेने चालत. किसनच्या नातवंडांनाही मधल्या खोलीत खेळताना ओरडून बाहेर काढत. बसथांब्याचंही तसंच. तो निवारा एका पावसात बसेल असं त्यांनी जाहीर केलं होतं आणि ते स्वतः भर उन्हात बाहेर उभे राहून बसची वाट बघत. निवारा आजही धडधाकट उभा आहे आणि पोरं त्याला डोमाजीचा बंगला म्हणतात.

मग डोमाजींना दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग नुसतं बोलतानाही. भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. औषधं लिहून दिली आणि शिडी चढायची नाही असं बजावलं. तेच मी गावात पुन्हा सांगितलं. ते माझं कामच होतं. गुडघे तर त्याआधीच गेले होते. डोमाजींनी मान डोलावली. मला वाटलं, या वर्षी निदान खराटा सुटला.

खराटा सुटला तो वेगळ्याच प्रकारे. छपराला दोन पावसाळे होऊन गेले होते. काळं पडलं होतं, मागच्या अंगाला बसलं होतं, घालणं भागच होतं. चिन्नोरची तणस अंगणात रचून तयार होती. पण डोमाजी कुणाला बोलवीनात. नवतपा, मिरुगाआधीचे ते नऊ कडक दिवस, लागला, सरला. किसन स्वतः विचारायला आला, दिवस सांगा, म्हणून. मी सायत्राबाईंचा खोकला तपासायला तिथे होते.

"हात घेईन," डोमाजी म्हणाले, थांबत थांबत. "मंग वापस कसा करू?"

"कोन मांगते वापस?" किसन म्हणाला.

"कोनी नाही मांगत. म्हनूनच द्या लागते ना."

किसनने बरंच समजावलं. इतकी वर्षं तुम्ही आमचे सिलेप झाडले, ते जमेला धरा. नाही. ते त्या-त्या वर्षीचं त्या-त्या वर्षी फिटलेलं. माणसं आपण होऊन पेंढ्या घेऊन चढली तर? डोमाजी म्हणाले की मग ते त्या घरात राहणार नाहीत. राजूचा फोन आला की दोन दिवसांत टिना टाकून देतो. तो फोन त्यांनी तिथेच ठेवून दिला. आभाळ भरून यायला लागलं होतं. तणस अंगणात, छपराला भोकं, आणि आत हा दम लागून वाकलेला माणूस. पहिल्या मोठ्या पावसात भिंती बसल्या असत्या. त्याला त्या घरातून हलवावं लागलं असतं आणि हलवलं तर तो फार दिवस काढणार नाही, हे मला दिसत होतं. सायत्राबाईंनाही दिसत होतं.

आणि सायत्राबाईंना काही करायचीच गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. पावसाने घर नेलं असतं, राजूने सिलेप टाकला असता, जन्माची हौस फिटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायत्राबाईंनी पदर खोचला, दाराआडचा खराटा घेतला आणि त्या सरपंचाच्या जिन्याने वर चढल्या. तिथून पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. घरमालक विचारायला लागले की हे काय, तर त्यांचं उत्तर तयार होतं. राजूच्या बाबांचा हात आहे, या वर्षी आधी देऊन ठेवते, तुम्ही सवडीने वापस करा. म्हणजे आता देणं गावावर आलं. डोमाजींनी बोलवायचा प्रश्नच नव्हता, आणि परत आलेला हात नाकारायची सोय त्यांच्याच रिवाजात नव्हती. गावात कुजबुज झाली. घरावर चढणं बाईमाणसाचं काम नव्हे असं तिथे मानतात. एका म्हातारीने चावडीसमोर टोकलंच. सायत्राबाई म्हणाल्या की छपरावर चढले नाही, सिलेपवर चढले. पापड घालायला चढते तेव्हा कुणाला दिसत नाही का?

मी त्यांना वाटेत गाठलं. त्यांचंही वय झालेलं, ऊन कडक. घर तर तुम्हाला आवडत नाही, मग हे कशाला, असं मी विचारलं.

"घर नाहीच आवडत मले," त्या म्हणाल्या. खराट्याची दोरी त्यांनी आवळून बांधली. "पन थो मानूस आवडते. त्याले दुसऱ्याच्या छताखाली झोप नाही येत, बाई. मी पाहिलं हाये. क्वार्टरमधी रातभर वरतं पाहत पडे."

इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण ही गोष्ट त्या पहिल्यांदाच बोलल्या. मी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि पुढे गेले.

छप्पर घातलं गेलं. मिरुगाच्या तोंडावर अख्खा गाव आला होता म्हणतात, सरपंचाने या वेळी फोटो न काढता पेंढ्या फेकल्या म्हणतात. मी ते पाहिलं नाही. त्याच आठवड्यात माझी बदली आंधळगावाकडे झाली. डोमाजी त्या छपराखाली पुरा पावसाळा आणि निम्मा हिवाळा राहिले आणि एका सकाळी तिथेच, पाय पसरून, गेले. मला निरोप उशिरा मिळाला.

सायत्राबाई मध्यंतरी सिहोऱ्याच्या बाजारात भेटल्या. आता त्यांच्याकडे सिलेप आहे. जुन्या भिंती पाडल्या आणि ती माती शेजारच्या खड्ड्यात टाकली. खड्डा पुरता भरला नाही, बदकांपुरता राहिला. उन्हाळ्यात घर फार तापतं, पण बरं आहे, उंदीर नाहीत, असं त्यांनी सांगितलं. चिन्नोर अजून एका बांधीत लावतात. सवय म्हणून, आणि भात चांगला लागतो म्हणून. काठीचं काय केलं, असं मी विचारलं. चिंचा पाडायला कामी येते, म्हणाल्या.

डोमाजींना मी शेवटचं पाहिलं ते त्या खराट्याच्याच दिवसांत, किसनच्या घरी. किसनची सून बाळंत होऊन आली होती, तिला बघायला गेले होते. सायत्राबाईंनी किसनचं घर सर्वांत शेवटी ठेवलं होतं. वर खराट्याचा आवाज येत होता. आणि मधल्या खोलीत, जिथे इतक्या वर्षांत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, तिथे डोमाजी काठी वर धरून उभे होते. एका जागी ठोकायचे, ऐकायचे, एक पाऊल सरकायचे, पुन्हा ठोकायचे. जिथे आवाज भरीव येई तिथे दोनदा ठोकत. वरचा खराटा क्षणभर थांबे, मग वरूनही खराट्याच्या दांड्याचे दोन ठोके येत, आणि झाडण्याचा आवाज तेवढाच पुढे सरके. किसन दारात उभा होता. त्याने मला हाताने खूण केली, बोलू नका.

असं करत दोघं खोलीच्या मधोमध आली. डोमाजींनी ठोकलं. माझ्या कानाला काही फरक कळला नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळला. त्यांनी पुन्हा ठोकलं, एकदाच, आणि काठी तशीच वर धरून ठेवली. सायत्राबाईंना खूण कळली असणार. पण पाचोळा बहुतेक तिथेच साचला होता, कारण खराटा थांबला नाही. तो नेमका त्यांच्या डोक्यावर आला आणि तिथेच सपसप चालू राहिला.

मला वाटलं, आता हे ओरडून तिला खाली बोलावतील, नाहीतर सवयीप्रमाणे उंबऱ्याकडे निघतील. डोमाजींनी काठी खाली घेतली. भिंतीला टेकवून ठेवली. मग गुडघ्यावर हात ठेवून, दम घेत घेत, ते त्याच जागी, तिच्या बरोबर खाली, मांडी घालून बसले आणि किसनला म्हणाले, "पानी दे."